केस खाणारं पाणी

परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "आजी, इथे आल्यापासून माझे केस खूप गळतायत. इथलं पाणीच वाईट आहे. कुठलं तेल लावू सांग ना." मागून तुझा भाऊ आजोबांच्या टकलावरून काहीतरी बोलला, तू हसलीस आणि फोन बंद झाला.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. सकाळी मसाल्याचे डबे काढून फडताळ पुसलं आणि डबे परत लावले. खरं तर ते कालच पुसलं होतं. मग तुला फोन लावावा म्हटलं, तर तुमच्याकडे रात्र. म्हणून लिहायला बसले. तेलाचं उत्तर एका वाक्यात देता येईल, पण पाण्याबद्दल तू जे बोललीस ते वाक्य या घरात पूर्वी बोललं गेलंय, आणि तेव्हा तू माझ्या मांडीवर होतीस.

आम्ही वसईला, पूर्वेच्या एव्हरशाईन वसाहतीत राहायला आलो तेव्हा इमारतींना रंग होता आणि नळांना पाणी नव्हतं. बोअरचं पाणी यायचं, ते खारट. साबणाला फेस यायचा नाही, डाळ शिजायची नाही, नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरायचा. पिण्यासाठी आणि वरच्या टाकीसाठी टँकर. तो आला की सगळ्या बायका जिन्यात उभ्या राहायच्या, आणि टँकरवाल्याला बोलून झालं की विषय निघायचा केसांचा. मुंबईत असताना वेणी केवढी होती आणि आता शेपटी कशी राहिली, हे प्रत्येकीकडे सांगायला असे. "इथलं पाणी केस खातं," हे वाक्य नव्या बिऱ्हाडाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ऐकवत असे. आजोबाही ते जोरजोरात मान हलवून सांगत. आमच्या लग्नाच्या फोटोत त्यांनी टोपी का घातली आहे, हे मी पाहुण्यांना सांगत नसे. त्यांचे वडील आणि दोघे काका, तिघांचीही डोकी तशीच होती. तरी पण दोष वसईच्या पाण्याचा.

तुझी आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती याच घरात. तिची वेणी कमरेखाली जात असे आणि गरोदरपणात तर ती आणखीच दाट झाली होती. मी तेल लावून द्यायची तेव्हा माझ्या मुठीत मावायची नाही. तुझा जन्म झाला. तू मान धरायला लागलीस, त्या सुमाराला केस जायला लागले. आधी फणीत, मग उशीवर, मग न्हाणीघराच्या जाळीवर गुंता. मला घरात कुठेही केस पडलेला खपत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी झाडू घेऊन तिच्या मागे फिरायची आणि मग झाडू बाजूला ठेवून द्यायची, कारण ती ते बघायची.

दादरच्या आजीने, म्हणजे माझ्या विहीणबाईंनी, फोनवर सांगितलं की बाळ आईला ओळखून हसायला लागलं की आईचे केस जातात. हे सगळ्यांकडे असंच होतं, काळजी करू नका. त्यांनी घरी उकळलेलं जास्वंदीचं तेल पाठवलं. शेजारणीने कांद्याचा रस लावायला सांगितला. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, अंडं. मी म्हटलं, एका वेळी एकच काहीतरी करूया, म्हणजे कशाने गुण आला ते कळेल. इतकी वर्षं शाळेत शिकवल्यावर माणसाला अशीच सवय लागते. पण दुपारी मी पडले की कोणी ना कोणी काहीतरी घेऊन येई, आणि ती बिचारी कुणालाही नाही म्हणत नसे. तिच्या डोक्याला एकाच वेळी जास्वंद, कांदा आणि अंडं यांचा वास येत असे. तू तोंड फिरवायचीस.

आजोबांनी मात्र मुळावर घाव घालायचं ठरवलं. पाणीच बदलायचं. माझ्याबरोबर शाळेत मराठी शिकवणाऱ्या एक बाई पश्चिमेच्या वटार गावात राहत. त्यांच्या वाडीत केळी, पानवेली आणि जुनी विहीर. पाणी इतकं गोड की त्यांचा चहा आपल्या चहापेक्षा वेगळा लागे. आजोबांनी रविवार धरला. चर्चमधली मिस्सा आटोपून बाई घरी आल्या की हे स्कूटर घेऊन दारात उभे, पुढे पायाशी एक कॅन, मागच्या सीटला बांधलेले दोन. पूल ओलांडून पूर्वेला येईपर्यंत कॅनचं झाकण गळून त्यांची विजार ओली झालेली असे. जिन्यातल्या बायका बघायच्या. थोड्याच दिवसांत आमच्या इमारतीतून आणखी दोघेजण कुठून कुठून गोडं पाणी आणायला लागले, एक पश्चिमेच्या होळी भागातून आणि एक चक्क ठाण्याहून. केसांसाठी स्कूटरवरून पाणी वाहणारी माणसं मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिली नाहीत.

मी ते पाणी कोमट करून तिच्या डोक्यावर घालायची. केस मऊ व्हायचे, हे खरं. पण गळायचे तितकेच.

आता मूळ गोष्ट सांगते. तुझी आई बँकेत होती. परीक्षा देऊन, मुलाखत देऊन मिळवलेली जागा. बाळंतपणाची रजा संपली, मग तिने बिनपगारी रजा वाढवली, आणि ती वाढवलेली रजाही संपत आली होती. बँकेने कळवलं होतं की यापुढे रजा मिळणार नाही, रुजू व्हा नाहीतर राजीनामा द्या. आणि ती म्हणत होती, असं डोकं घेऊन मी काउंटरवर बसणार नाही. भांग इतका रुंद झाला होता की दिव्याखाली टाळू दिसे. तुझे बाबा भला माणूस, ते म्हणत, तुला हवं ते कर. विहीणबाई म्हणत, केस येऊ देत आधी, नोकऱ्या काय, मिळतात. मला मात्र रात्रंदिवस एकच लागून राहिलं होतं. त्या काळात बँकेतली जागा एकदा सोडली की परत मिळत नसे. मी माझी नोकरी पस्तीस वर्षं करू शकले म्हणून ती शिकली. केसांपायी तिने ती सोडावी, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

एका रविवारी आजोबांबरोबर आम्हीही वटारला गेलो, रिक्षा करून, तुला घेऊन. वाडीत केळीच्या सावलीतही घामाच्या धारा लागल्या होत्या. बाईंनी खुर्च्या बाहेर टाकल्या, शहाळी काढली. तुझी आई तुला बाईंच्या सुनेकडे देऊन विहिरीजवळच्या कट्ट्यावर बसली, आणि थोड्या वेळाने तिने माझ्याकडे शाल मागितली. बाळाची दुपट्यासारखी पातळ शाल होती, तीच तिने खांद्यावर ओढून घेतली. बसल्या बसल्या तिची मान कलंडली.

बाई माझ्याकडे बघत होत्या. घरात त्या त्यांच्या बोलीत बोलत, आमच्याशी शाळेतलं मराठी. म्हणाल्या, "बाई, हिला या उकाड्यात थंडी वाजते?"

मी म्हटलं, ओली बाळंतीण आहे, जाग्रणं होतात. म्हटलं खरं, पण परत येताना रिक्षात मी तिचा हात धरला तर तो गार होता. मग एकेक आठवायला लागलं. तिचा आवाज जाड झाला होता, आम्ही तो सर्दीवर घालत होतो. चेहरा सुजलेला दिसे, आम्ही तो बाळंतपणाचा म्हणत होतो. पोट साफ होत नव्हतं, तर हिंगाचं पाणी. सगळ्याला घरात कारण तयार होतं, तसं केसांचं कारण पाणी. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. आजोबा कॅन उतरवत होते, त्यांना मी म्हटलं, उद्या डॉक्टरकडे जायचं. ते म्हणाले, थोडं थांबूया, आत्ताच तर पाणी बदललंय. मी म्हटलं, तुम्ही पाणी घेऊन थांबा.

वसई गावात एक त्वचेच्या डॉक्टर होत्या, माझ्यापेक्षा बऱ्याच तरुण. शेवटी आजोबाही बरोबर आले. त्यांनी तुझ्या आईचे केस चिमटीत धरून हलकेच ओढले, निघून आलेले पांढऱ्या कागदावर ठेवले आणि भिंगाखाली धरले. टाळूवर कुठे गोल चकत्या पडल्यात का ते पाहिलं, आपल्याकडे ज्याला चाई म्हणतात ती. खपल्या आहेत का, खाज येते का, हेही पाहिलं. वेणी फार ताणून बांधता का, मोठा ताप येऊन गेला का, कुठली औषधं चालू आहेत, जेवण काय, पाळी सुरू झाली का, घरात कुणाचे केस विरळ आहेत. प्रश्न तिला विचारत होत्या आणि उत्तरं मी देत होते. शेवटी त्यांनी हातातलं भिंग खाली ठेवलं.

"आजी, तुम्ही नका सांगू. तिला सांगू दे. केसांशिवाय काय होतंय तुला?"

तुझ्या आईने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बाळ रडतं ते ऐकू येतं. पण उठावंसंच वाटत नाही. पायांत कोणी वाळू भरल्यासारखं होतं. मी वाईट आई आहे असं वाटतं."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. एका घरात राहून.

डॉक्टर म्हणाल्या, वाईट आई नाही, आजारी असशील, रक्त तपासू. आजोबांनी पाण्याचं विचारलंच. डॉक्टरांनी त्यांना जवळ बोलावून कागदावरचा केस दाखवला. "खाऱ्या पाण्याने केस राठ होतात, मधेच तुटतात. हे तुटलेले नाहीत, मुळापासून आलेत. टोकाशी हा पांढरा ठिपका दिसतो ना?" मग त्यांनी समजावलं. गरोदरपणात एरवी गळायचे तेही केस टिकून राहतात. बाळंतपणानंतर ते सगळे एकदम जातात, आणि बहुतेकींचे काही महिन्यांत आपोआप परत येतात. काही लावलं तरी आणि नाही लावलं तरी. म्हणूनच प्रत्येकीला आपलंच तेल गुणकारी वाटतं. "पण हिची थंडी आणि हा थकवा त्यात बसत नाही."

रक्तात लोह कमी निघालं, आणि थायरॉईड मंदावलेलं. बाळंतपणानंतर काही जणींचं होतं तसं. रोज सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी एक लहानशी गोळी, अंगावर पाजताना चालते अशी. लोहाची गोळी तिच्याबरोबर घ्यायची नाही, मध्ये बरेच तास जाऊ द्यायचे, म्हणून ती दुपारच्या जेवणानंतर. ही व्यवस्था माझ्याकडे आली आणि मला जरा बरं वाटलं, कारण हाताला काम मिळालं. टाळूला चोळायचं एक औषध असतं, ते मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, ते वंशातून आलेल्या विरळपणाला, कायम लावत राहावं लागतं, आणि पाजणाऱ्या बाईने तर ते आपल्या मनाने मुळीच लावू नये. आजोबा खुर्चीत पुढे सरकले आणि आपल्या डोक्याबद्दल काही होईल का म्हणाले. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "काका, पंचवीस वर्षांपूर्वी यायला हवं होतं."

तुम्हाला वाटेल, इथे गोष्ट संपली. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. गोळीने थकवा हळूहळू ओसरला. एक दिवस ती आपणहून उठून पोहे करायला गेली आणि मी देवघरात उगाच निरांजन घासत बसले. पण केस थांबेनात. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की रक्त सुधारल्यावरही केसांना महिने लागतात. आणि बँकेची तारीख तोंडावर आली. मी घरात येरझाऱ्या घालायची. तिला काही म्हणायचं नाही असं ठरवायची आणि भाजी निवडता निवडता म्हणायची. ती म्हणायची, आई, थोडे तरी येऊ देत गं, मग जाते. मग म्हणजे कधी, ते ती सांगत नसे. तिने राजीनामा मनात लिहून ठेवलाय असं मला दिसत होतं.

आणि मग तुझ्या पायाचं झालं. एके सकाळी तू रडायला लागलीस ती थांबेनास. पोट दुखतंय म्हणून ओव्याने शेकलं, दृष्ट काढली, खांद्यावर घेऊन गॅलरीत फिरले. तुझ्या आईने मोजे काढले तर उजव्या पायाची करंगळी लाल जांभळी, फुगलेली. तिच्याच डोक्यातला एक लांब केस करंगळीभोवती गुंडाळून मांसात रुतला होता. दिसतही नव्हता. आजोबा रिक्षा बघायला खाली धावले. मी भिंग आणि बारीक कात्री आणली, तुला खिडकीशी उजेडात धरलं, आणि तिने, जिच्याच्याने काही आठवड्यांपूर्वी उठवत नव्हतं तिने, श्वास रोखून तो केस कापला. तरीही तुला मुलांच्या डॉक्टरकडे नेलंच. त्यांनी भिंग लावून बघितलं, काही राहिलं नाही म्हणाले. बाळंतिणींच्या केसांनी असं होतं, बोटं रोज बघत जा.

तू दुपारी झोपलीस. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, जरा खाली जाऊन येते. मला वाटलं, दूध आणायला गेली. आली ती कानापर्यंतचे केस घेऊन. खालच्या गल्लीत नवीन पार्लर निघालं होतं, तिथे जाऊन बसली होती. वेणी कापून कागदात गुंडाळून आणली होती, ती तिने माझ्या हातात दिली. मी ओट्याला टेकले. लहानपणापासून ती वेणी मी घातली होती, शाळेच्या रिबिनी, लग्नातला गजरा, सगळं माझ्या बोटांतून गेलेलं. म्हटलं, चहा टाकू?

ती आरशात बघत म्हणाली, "टाक. केस कमी आहेत असं वाटत नाही ना आता? नुसते आखूड वाटतात."

खरंच तसं वाटत होतं.

त्याच आठवड्यात तुझं जावळ होतं, शनिवारी. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, पण तुला मामा नाही, म्हणून आजोबांना पाटावर बसवलं. दादरहून विहीणबाई आल्या, पेढे आणि जास्वंदीच्या तेलाची नवी बाटली घेऊन. न्हावी तुझ्या डोक्यावर पाणी मारत होता, ते वटारचं, आजोबांचा आग्रह. विहीणबाई चपला काढून आत आल्या आणि तुझ्या आईला पाहून दारातच थांबल्या. तुझे बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या हातातलं औक्षणाचं ताट जड झालं.

विहीणबाई म्हणाल्या, "हे काय, लेकीच्या आधी आईचंच जावळ काढलंत होय?"

मग तुझी आई खाली बसली, तुझे पहिले केस झेलायला तिने पदर पसरला आणि वर न बघता म्हणाली, "हो आई. एकाच आठवड्यात दोघींचं उरकून घेतलं. मी सोमवारपासून कामावर जातेय."

विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी आजोबांकडे. आजोबांच्या मांडीवर तू अर्धी गुळगुळीत झाली होतीस आणि न्हाव्याचा दाढीचा ब्रश पकडायला बघत होतीस. विहीणबाईंनी बाटली टेबलावर ठेवली, माझ्या हातातलं ताट घेतलं आणि म्हणाल्या, मग बाळाला दिवसभर कोण बघणार? मी म्हटलं, मी आहे. त्या म्हणाल्या, आठवड्यातून दोन दिवस मीही येईन. त्या येतही राहिल्या, तुझा भाऊ शाळेत जाईपर्यंत.

सोमवारी ती निघाली. जिन्यात तिचा हात दोनदा मानेमागे गेला, वेणी पुढे घ्यायला, आणि रिकामा खाली आला. ती गेल्यावर मला करमेना. तुझी बोटं बघितली, हाताची, पायाची, पुन्हा पायाची. खाली टँकर लागला होता, बायका जिन्यात केसांवर बोलत होत्या. ती संध्याकाळी परत येईपर्यंत मी तीनदा फडताळ आवरलं. ती आली, चपला काढल्या, तुला घेतलं आणि म्हणाली की काउंटरवर कुणी डोक्याकडे बघितलंसुद्धा नाही, सगळे आपापल्या पासबुकाकडे बघत होते.

वर्षभरात तिचे केस भरून आले. तिने पुन्हा वाढवले नाहीत. आजोबा वटारचं पाणी मात्र आणत राहिले. केसांशी त्याचा संबंध नाही हे त्यांनी मान्य केलं, डाळीशी आहे म्हणाले.

तेव्हा बाळा, तेल कुठलंही लाव, नाही लावलंस तरी चालेल. तिथल्या पाण्याला नावं ठेवू नकोस. नव्या देशात जाऊन तीन-चार महिने झालेत, त्याआधी तुला तो मोठा ताप येऊन गेला होता, आणि तू धड जेवत नाहीस हे मला तुझ्या आवाजावरून कळतं. डॉक्टरकडे जा, लोह आणि थायरॉईड बघायला सांग, आणि आईला थायरॉईडचा त्रास झाला होता हे त्यांना आवर्जून सांग. प्रश्न विचारतील तेव्हा उत्तरं नीट दे, केसांशिवाय काय होतंय तेही. तिथे तुझ्या जागी उत्तरं द्यायला मी नाही, हे एका परीने बरंच आहे.

पण झाल्यावर लगेच फोन कर. तुमच्याकडे उजाडायची वाट बघत मी डबे पुसते आहे.